आधी दौत रिकामी कर

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या मोठ्या फीच्या पैशांतून माँब्लाँ कंपनीचे 149 हे फाउंटन पेन घ्यावे की घेऊ नये, हा तुझा प्रश्न. त्याच्या मागे दडलेला दुसरा प्रश्न असा, की रावेरकडे तुझे आप्पा वादळाने आडव्या झालेल्या केळीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरत असताना त्यांच्या मुलीने लाखाच्या घरातले पेन खिशाला लावून जळगावच्या कोर्टात उभे राहणे शोभते का. दुसऱ्या प्रश्नाने तू अधिक कासावीस झाली आहेस, हे शेवटच्या पानावरच्या उतरत गेलेल्या ओळींवरून कळते आणि ते वाचून मलाही बरे वाटले नाही. पण पोरी, एक गोष्ट प्रथम सांगून टाकतो. तू चार पाने फाउंटन पेनाविषयी लिहिलीस आणि ती चारही बॉलपेनने लिहिलीस. मला राग आला तो तिथेच.

तुझ्याकडे शाईची पेने आहेत, हे तूच लिहिले आहेस. एक लामी आहे, एक पायलट आहे, वकिलीची सनद मिळाली तेव्हा मामांनी दिलेले पार्कर आहे. तिन्हींत आज शाई आहे का? असती तर पत्र त्यातल्या एकाने लिहिले गेले असते. म्हणून माझे उत्तर एका वाक्याचे आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल: आधी एक दौत रिकामी कर. कॅम्लिनची साधी निळी शाई आण, साठ मिलिलिटरची, आणि ती एकाच पेनाने, तळापर्यंत, लिहून संपव. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाईच्या नळीत, धड एक मिलिलिटरही मावत नाही, म्हणजे साठाहून अधिक वेळा तुला पेन भरावे लागेल. वकिलाचे टिपण, अशिलाची हकीकत, उलटतपासणीचे प्रश्न, किराण्याची यादी, काय वाटेल ते लिही. पण संपव.

यात मी तुझी परीक्षा पाहतो आहे असे समजू नकोस. दौत संपेपर्यंत जे कळते ते व्हिडिओ पाहून कळत नाही, आणि दुकानदार तर ते सांगणारच नाही. उदाहरणार्थ, आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. अर्धे रिकामे पेन खिशात घालून तू दुचाकीवरून कोर्टात पोहोचलीस, की आतली हवा तापून फुगलेली असते आणि ती शाईला बाहेर ढकलते. टोपण काढताच पेन शाई ओकते. लोक म्हणतात पेन गळके आहे, आणि पेन बिचारे पदार्थविज्ञान पाळत असते. उपाय साधा आहे: उन्हाळ्यात पेन भरलेले ठेवावे आणि निब वर करून न्यावे. आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचेही तसेच. त्या पाण्याने पेन धुतलेस तर निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत पांढरा थर धरतो आणि मग प्रवाह अडखळू लागतो. पेन धुवायला क्षार काढणाऱ्या (आरओ) गाळणयंत्राचे पाणी घ्यावे. कागद तर निराळाच विषय आहे. चांगल्या लेजर पेपरवर जी निब शहाण्यासारखी चालते, तीच झेरॉक्सच्या स्वस्त कागदावर अक्षराला मुळ्या फोडते. हे सगळे स्वस्त पेनावर शिकावे. लाखाच्या पेनावर शिकू लागलीस तर तू शिकणार नाहीस, घाबरशील, आणि घाबरलेला माणूस पेन डबीत ठेवतो.

आता सोन्याकडे येतो, कारण जळगावात राहून तुझ्या डोक्यात सोने शिरले नसते तरच नवल. तू लिहितेस की निब अठरा कॅरेटची आहे, म्हणजे पैसे अगदीच वाया जाणार नाहीत. अठरा कॅरेट म्हणजे पंचाहत्तर टक्के सोने, हे खरे. पण अशा निबेचे वजन ग्रॅमच्या आसपास भरते. सराफ बाजारात काट्यावर टाकलीस तर पेनाच्या किमतीचा दहावा हिस्सा हाती आला तरी पुष्कळ म्हणायचे. शिवाय कागदाला जे टेकते ते सोने नसतेच. सोने मऊ, कागदावर लवकर झिजून जाईल. म्हणून निबेच्या टोकाला कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीकसा थेंब जोडलेला असतो, आणि अक्षर गुळगुळीत उतरते ते त्या थेंबाला दिलेल्या घासणीमुळे. मग सोने आले कुठून? जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचे क्षार असत. कागदावर हवा लागली की ती शाई काळी पडे आणि पाण्याने जात नसे, म्हणून दस्तांना तीच हवी असे. पण ती आम्लधर्मी असल्याने त्या काळची पोलादी निब खाऊन टाकी. सोन्याला तिचे काही होत नसे. आज न गंजणारे पोलाद आहे आणि शायाही सौम्य आहेत, तेव्हा ती गरज संपली आणि मान तेवढा उरला. सोन्याच्या निबेत थोडी लवचीकता असू शकते, हाताला ती आवडते, मलाही आवडते. पण तो आवडीचा भाग आहे आणि तिला गुंतवणूक म्हणणे ही आपणच आपली केलेली फसवणूक आहे. पेन मोडून दागिन्यासारखे पैसे येत नाहीत.

माँब्लाँ वाईट आहे असे मी म्हणत नाही. हँबुर्गच्या त्या कंपनीने 1924 साली माइस्टरश्टुक ही मालिका काढली, 149 हे त्यातले थोरले भावंड 1952 चे, आणि निबेवर 4810 हा आकडा कोरतात तो माँब्लाँ पर्वताची मीटरमधली उंची म्हणून. जपानच्या प्लॅटिनमनेही त्याच धर्तीवर आपल्या पेनाला फुजी पर्वताची उंची, 3776, हे नाव दिले, आणि त्याच्या टोपणात आतून अशी घट्ट बंद होणारी सोय केली की ठेवून दिलेल्या पेनातली शाईही पुष्कळ दिवस सुकत नाही. आपल्या हवेला मला ती सोय सोन्याहून मोलाची वाटते. तुझ्या यादीत ते पेन नाही, कारण कोर्टाच्या बाररूममध्ये ते कोणी ओळखत नाही. बरोबर ना? 149 चे टोपणावरचे पांढरे चिन्ह लांबून ओळखू येते. समोरच्या वकिलाला दिसावे म्हणून पेन घ्यायचे असेल तर तसे स्पष्ट म्हण. त्यात पाप नाही, पण मग निब, शाई, पिस्टन (शाई ओढणारा आतला दट्ट्या) यांची चर्चा माझ्याशी करू नकोस.

आता माझे ऐक. मी अमळनेरला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखक म्हणून आयुष्य काढले. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, सगळे हाताने. तेव्हा खिशात चालते ते पेन असे, पंप मारून शाई भरायचे, आणि बोटे कायम निळी. चांगले पेन घेण्याची ऐपत आली तोवर 2002 च्या सुमारास निबंधक कार्यालयांत संगणक आले, पुढे दस्तही छापूनच येऊ लागले, आणि लोक माझ्याकडे फक्त सही कुठे करायची ते विचारायला येऊ लागले. हाताखालून दिवसाला पंधरा-वीस पाने जात होती त्या काळात असे पेन हातात असते तर मनगटाचे आज जे झाले आहे ते झाले नसते, ही खंत आहे आणि ती जाणार नाही. मजकूर होता तेव्हा पेन नव्हते. पेन आले तेव्हा मजकूर उठून गेला होता. तुझ्याकडे आज मजकूर आहे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि तू तो बॉलपेनला देऊन टाकतेस, म्हणून मी चिडतो.

मी स्वतः पेलिकन कंपनीचे सूव्हरेन हे महागडे पेन घेतले ते काम बंद झाल्यानंतर. घरात तेव्हा जे झाले ते तुझ्या काकूकडून तू ऐकलेच असशील. तेवढ्यात तोळ्याची अंगठी झाली असती, हे वाक्य अजूनही सणासुदीला निघते. मी त्याला उत्तर देत नाही, पण तुला देतो. अंगठी कपाटात राहिली असती. पिस्टनचे ते पेन मी दर आठवड्याला भरतो, कारण जुनी मोडी कागदपत्रे देवनागरीत उतरवून देण्याचे काम मी धरले आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद पाहिले, की बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिलेले अक्षर अजून ठसठशीत दिसते. त्या लेखकांकडे कोणती कंपनी होती? लोकांच्या शेताच्या बांधांचे, विहिरीच्या हिश्श्यांचे, आजोबांच्या नावांचे कागद मी त्या पेनाने उतरवतो, एका दौतीमागून दुसरी दौत संपते, आणि तरीही ते पेन म्हातारपणीचे खूळ ठरते. ठरो. ज्याची शाई संपते ते पेन कितीही महाग असले तरी उधळपट्टी होत नाही, हे मी कोणापुढेही म्हणायला तयार आहे. आणि ज्याची शाई सुकते ते पन्नास रुपयांचे असले तरी उधळपट्टीच. म्हणून पुन्हा सांगतो, दौत रिकामी कर.

आप्पांविषयी तू जे लिहिलेस त्याला मी थोडक्यात उत्तर देतो, कारण तिथे वाद घालण्यासारखे काही नाही. बागेला पैसे लागणार असतील तर आधी ते दे, पेनाचा विचार न करता दे. ते दिल्यावर उरलेला पैसा तुझा आहे, तो तू कमावला आहेस, आणि त्यातून हाताला सुख देणारे हत्यार घेतलेस तर आप्पांना वाईट वाटणार नाही. चांगली विळी, चांगला कोयता यांची पारख त्यांना तुझ्याहून जास्त आहे. अपराधी वाटते म्हणून घ्यायचे नाही आणि अपराधी वाटूनही घ्यायचेच, हे दोन्ही खेळ बंद कर.

दौत संपल्यावरही मन त्याच पेनावर असेल तर खुशाल घे. मग मी अडवणार नाही. मात्र काही गोष्टी पाळ. अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. या नावाच्या नकला इतक्या आहेत की स्वस्तात मिळाले म्हणून आनंदणारा बहुधा नक्कल घेऊन घरी येतो. निब निवडताना देवनागरी लक्षात ठेव: युरोपची मध्यम निब आपल्या जोडाक्षरांची पोटे भरून टाकते, ‘राष्ट्र’ लिहिलेस तर काळा ठिपका उरेल. बारीक घे. जपानी निब सहसा त्याहूनही एक पायरी बारीक असते, तेव्हा तिथे मध्यम चालेल. चित्रकलेची काळी शाई चुकूनही भरू नकोस, ती आत सुकली की पेन गेले. पिस्टन जड फिरू लागला तर जोर लावू नकोस. 149 जाडही आहे; तुझी बोटे लहान आहेत आणि दिवसभर लिहिणारीला हातातला जाडपणा संध्याकाळी कळतो, दुकानातल्या दोन सह्यांत कळत नाही. परदेशी नावाचाच हट्ट नसेल तर आंध्रातल्या राजमहेंद्रीची हाताने घडवलेली एबोनाइटची (कडक रबराची) पेने पाहा. तिथल्या रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात पेन बनवून गांधीजींना पाठवले होते, आणि घामट हातातून एबोनाइट सहसा निसटत नाही.

दिवाळीच्या सुटीत अमळनेरला ये. माझे पेलिकन तुझ्या हाती देईन, हवी तेवढी पाने लिही. येताना कोर्टात वापरतेस तोच कागद आण, माझ्या घरचा चांगला कागद तुला फसवेल. आणि कॅम्लिनची दौतही आण. किती खाली गेली आहे ते मी पाहणार आहे.

तुझा,
काका