मॉस्को-कझान रात्रीची ट्रेन, चार वर्षांचं पोर आणि खालचा बर्थ

तुमचा प्रश्न वाचला. भाऊ रशियातल्या कझानला एमबीबीएसला आहे, मुलगा चार वर्षांचा, मिस्टर येणार नाहीत, आणि दिल्लीहून मॉस्कोला उतरून तुम्ही दोघंच रात्रीच्या ट्रेनने कझानला जायचं म्हणताय, तर प्लात्सकार्त (उघडा डबा) घेऊ का कुपे (दाराची खोली), टॉयलेटचं कसं, खायचं काय आणि अनोळखी माणसांत झोपायचं तर भीती नाही ना. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे पाच वर्षं मॉस्कोत होतो, लेक तीन वर्षांची असल्यापासून तिला घेऊन या गाड्यांनी भरपूर हिंडलोय आणि त्यातल्या निम्म्या वेळा मी एकटीच होते, म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर देऊन टाकते. कुपे घ्या, दोन बर्थ घ्या, आणि दोन्ही खालचे मिळत नसतील तर दुसऱ्या दिवशीची गाडी बघा पण वरच्या बर्थवर पोराला झोपवायच्या भानगडीत पडू नका. वर पट्टा किंवा दांडी असते हो, पण आपल्याला झोप लागायची नाही, रात्रभर वर बघत पडायचं.

प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपरचा डबा, फक्त मधला बर्थ नाही. चार इकडे, दोन बाजूला, डब्यात ५४ माणसं, दारं नाहीत. कुपे म्हणजे सरकत्या दाराची चार बर्थची खोली, डब्यात ३६. लोक म्हणतात प्लात्सकार्त असुरक्षित, ते मला पटत नाही, उलट तिथे पन्नास डोळे तुमच्या पोरावर असतात आणि दिवसाचा प्रवास असेल तर मी प्लात्सकार्तच घेईन, मुलांना तिथे दोस्त मिळतात, कोणीतरी पत्ते काढतं, कोणीतरी सफरचंद कापून देतं. पण रात्री वरच्या बर्थवरचे लांब पाय वाटेत लोंबत असतात, माणसं ये-जा करतात, मधल्या स्टेशनला नवीन लोक चढून गाद्या पसरायला लागतात, आणि चार वर्षांचं पोर एकदा रात्री दोनला जागं झालं की संपलं.

बर्थ नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे, विषम आकडा खालचा, सम आकडा वरचा. कुपेत ३३ ते ३६ टॉयलेटला चिकटून असतात, दार रात्रभर धाडधाड वाजतं, ते टाळा. प्लात्सकार्तच घ्यायची वेळ आली तर ३७ पासून पुढचे सगळे बाजूचे, तेही टाळा. मला आवडतो मधला भाग, म्हणजे कुपेत १७ आणि १९ समोरासमोर खालचे. कझानच्या मार्गावर दुमजली गाड्यापण आहेत, दिसायला मस्त, पोरं खूश होतात, पण त्यात डोक्यावरची सामानाची मोठी जागा नाही, मोठ्या बॅगा असतील तर साधी गाडीच बरी. काही गाड्यांत फक्त बायकांचं कुपे मिळतं, लहान मुलगा बरोबर असला तर चालतो, बुक करताना बघा.

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ न घेता तुमच्याच बर्थवर फुकट नेता येतं, पण फुकट असलं तरी त्याच्या नावाचं तिकीट काढावंच लागतं, हे विसरून लोक दारात अडकतात. तरी माझं मत, पैसे वाचवू नका. मी एकदा वाचवले आणि अख्खी रात्र बर्थच्या कडेला शेवग्याच्या शेंगेसारखी सरळ पडून होते, लेक मात्र आडवी तिडवी. दहा वर्षांखालच्यांना स्वतंत्र बर्थला सवलत असते, तीच घ्या.

तिकिटाचं खरं दुखणं पैसे भरण्याचं आहे. २०२२ च्या मार्चपासून आपली व्हिसा, मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रशियन रेल्वेच्या साइटवरही नाहीत, तेव्हा भावालाच तिकडच्या कार्डवरून काढायला सांगा, दोन-अडीच महिने आधी बसला तर खालचे बर्थ मिळतात आणि कुपेचे दर पुढे वाढत जातात तेही वाचतं. त्याला पासपोर्टचा फोटो पाठवा, तोंडी नंबर सांगू नका, नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्ट नंबर दोन्ही दारात मूळ पासपोर्टशी ताडून बघतात. खर्चाला डॉलर किंवा युरो रोख न्या आणि रुबल करून घ्या. एकट्या जाताय तर मुलाच्या जन्मदाखल्याचं भाषांतर आणि वडिलांचं संमतीपत्र फाईलमध्ये असू द्या, मला ट्रेनमध्ये कधी कोणी मागितलं नाही पण विमानतळावर विचारलंय.

गाडी मॉस्कोच्या कझान्स्की स्टेशनवरून सुटेल. मेट्रोचं कोम्सोमोल्स्काया, वर आलात की एकाच चौकात तीन मोठी स्टेशनं, लोक त्याला तीन स्टेशनांचा चौकच म्हणतात, आणि घाईत समोरच्या यारोस्लाव्स्कीत शिरलात तर तिथून सायबेरियाच्या गाड्या सुटतात, तेव्हा नाव वाचून आत जा. दारात सामान स्कॅन होतं, तासभर आधी पोचा. बोर्डावर डब्यांचे नंबर इंजिनाकडून की शेपटीकडून तेही लिहिलेलं असतं, ते भावाकडून आधी समजून घ्या नाहीतर पोराला कडेवर घेऊन अख्खी गाडी चालावी लागते. मोबाईल इंटरनेट तिकडे हल्ली अधूनमधून बंद करतात, तिकीट, नकाशा आणि रशियन भाषांतर हे सगळं फोनमध्ये उतरवून ठेवा.

आता डब्यातली मालकीण म्हणजे प्रोवोद्नित्सा. डब्याची बाई. दारात पासपोर्ट बघते, चादरी देते, चहा विकते, स्टेशन आलं की उठवते, आणि तिच्याशी पहिल्या पाच मिनिटांत जमलं तर तुमचा प्रवास झालाच. हसत नाही म्हणून रागावलीय असं समजू नका, त्यांचा चेहराच तसा, पोराने "स्पासिबा" (धन्यवाद) म्हटलं की वितळतात. रात्री तिच्याकडचा चहा घ्याच, काचेच्या ग्लासात आणि ग्लास धातूच्या नक्षीदार कडीच्या धारकात, मुलाला ते फार भारी वाटेल, पण गाडी हलते आणि चहा उकळता असतो, तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूला. तिच्या खोलीशेजारी उकळत्या पाण्याचा बंब असतो, चोवीस तास फुकट. त्या नळापाशी मुलाला अजिबात नेऊ नका, पाणी घट्ट झाकणाच्या थर्मासमध्येच भरा, मग्यात भरून हलत्या गाडीत पॅसेजमधून येणारे लोक बघून माझ्या पोटात गोळा यायचा.

टॉयलेट. नवीन डब्यांत बायो-टॉयलेट आहे, स्टेशनवरसुद्धा उघडं असतं. जुन्या डब्यांत मोठ्या स्टेशनच्या बऱ्याच आधी कुलूप लावतात आणि गाव पूर्ण मागे पडल्यावरच उघडतात. आम्ही एकदा उरल पर्वताकडे जाताना असाच जुना डबा मिळाला. लेक चार वर्षांची. कुलूप लागलं आणि बरोब्बर दोन मिनिटांनी "आई, शू." मी पळत गेले, बाईने दारावरच्या कागदावर बोट ठेवलं, "सानितार्नाया झोना", म्हणजे टॉयलेट बंद ठेवायचा पट्टा, अजून चाळीस मिनिटं. परत आले तर लेक पाय आवळून उभी, डोळ्यांत पाणी. समोरच्या बर्थवर एक सत्तरीची बाबुश्का, म्हणजे आजी, होती, तोवर आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने काही न विचारता पिशवीतून मेयोनीजची प्लास्टिकची छोटी बादली काढली (रशियात या बादल्या कोणी फेकत नाही, आपल्याकडच्या श्रीखंडाच्या डब्यांसारख्या), त्यातल्या शेवटच्या दोन खारवलेल्या काकड्या एक मला एक स्वतःला, बादली माझ्या हातात, आणि स्वतः उठून दाराकडे पाठ करून पॅसेजमध्ये पहारा देत उभी राहिली, काकडी खात. तेव्हापासून माझ्या प्रवासी पिशवीत झाकणाची बादली असते. तुम्हीही ठेवा. ओले टिश्यू आणि स्वतःचा टॉयलेट पेपरपण.

गरमीचं कोणी सांगत नाही ते सांगते. बाहेर उणे पंधरा असलं तरी आत पंखा लावावासा वाटेल इतकं तापवतात आणि खिडक्या बहुतेक उघडत नाहीत, पोराला थर्मलमध्ये झोपवलंत तर घामाघूम होऊन उठेल. आत सुती हाफ बाह्यांचा शर्ट, पायात स्लीपर, सगळे रशियन चढल्या चढल्या तेच करतात. जूनमध्ये जात असाल तर उलटी गंमत, रात्री नऊनंतरही उजेड आणि पहाटे चारच्या आधी परत उजेड, खिडकीचा पडदा पूर्ण खाली ओढा.

खाण्याचं तुम्ही शाकाहारी लिहिलंय. एका रात्रीचा प्रश्न आहे, फार जीव काढू नका. घरून उपम्याचं तयार पीठ, दडपलेले पोहे, मेतकूट नेलंत की गरम पाण्यावर भागतं. तिकडच्या दुकानातून केफिर घ्या, आपल्या घट्ट ताकासारखं, शिवाय केळी, काळा ब्रेड, उकडलेला बटाटा. दोशिराक नावाचे नूडल्स सगळा डबा खात असतो आणि मुलगा मागणारच, पण त्यात मांसाचा अंश असतो. शेजारचे काहीतरी देऊ करतील, नाही म्हटलं तर चालतं पण तुमच्याकडचंही काही पुढे करा, माझी शेंगदाण्याची चिक्की तर नेहमी पहिल्या तासात संपायची.

भीतीचं म्हणाल तर वाईट अनुभव एकच, कुपेत एक दारू प्यायलेला गृहस्थ, त्रास काही दिला नाही पण बडबड थांबेना, मी बाईला सांगितलं आणि तिने दहा मिनिटांत मला दुसऱ्या कुपेत हलवलं. पासपोर्ट आणि पैसे अंगावर. मोठी बॅग खालच्या बर्थच्या पोटात, बर्थ उचलला की पेटीसारखी जागा आहे, त्यावर तुम्हीच झोपलेल्या, कोण काढतंय. दाराला आतून कुलपाशिवाय एक खिट्टी असते, ती लावली की दार बोटभरच उघडतं.

सकाळी पोराला जरा लवकर उठवा. कझानच्या आधी गाडी व्होल्गा ओलांडते, १९१३ चा लोखंडी पूल आहे, खाली नदी इतकी रुंद की माझ्या लेकीने विचारलं होतं हा समुद्र का. भावाला मात्र नक्की कुठल्या स्टेशनवर उतरताय ते तिकिटावरून वाचून सांगा. कझानला संपणारी गाडी गावातल्या जुन्या लाल विटांच्या स्टेशनवर येते, पण पुढे उरलकडे जाणाऱ्या काही गाड्या कझान-२ वर थांबतात, ते वेगळं आणि लांब. आमचे एक स्नेही एका स्टेशनवर आणि आम्ही दुसऱ्या, असा तासभर गेलाय. उतरल्यावर भूक लागली तर किस्तिबी मागा, तिकडच्या तातार लोकांची बटाटा भरलेली पोळी, पोरगा आलू पराठा समजून खाईल.

आणि टोपी. ऑक्टोबर ते एप्रिल पोराला बिनटोपीचं प्लॅटफॉर्मवर उतरवलंत तर किमान दोन आज्या तुम्हाला थांबवून "शाप्का!" म्हणून झापतील, तुम्हाला रशियन येवो न येवो. कुठल्या महिन्यात निघताय ते लिहिलं नाहीत, कळवा, म्हणजे कपड्यांचं नीट सांगते.