थर्गुडच्या नावावर फक्त ४६ सामने का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे सॉकरहून वेगळा, अंडाकृती चेंडूचा खेळ. त्याच्या सुरुवातीच्या काळातला थोर खेळाडू म्हणून मेलबर्नच्या एसेंडन क्लबच्या अल्बर्ट थर्गुडचं नाव घेतात. पण लीगच्या नोंदीत त्याचे ४६ सामने आणि ८९ गोलच दिसतात. मग एवढा मान कशाचा?

उत्तर : लीगची नोंदवहीच उशिरा उघडते. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम १८९७चा. थर्गुड एसेंडनकडून १८९२ ते १८९४ खेळला तो जुन्या असोसिएशनमध्ये, म्हणजे लीगआधीच्या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेत. तिन्ही मोसमांत सर्वाधिक गोल त्याचेच, आणि १८९३मध्ये एसेंडन एकही सामना हरला नाही. यातला एकही गोल त्या ८९मध्ये नाही.

पुढे मेलबर्नमध्ये बँका बुडाल्या, पश्चिम ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि कितीतरी खेळाडू तिकडे गेले. थर्गुड १८९५ ते १८९७ तिथल्या फ्रीमँटलकडून खेळला. परतल्यावर खेळण्याचा परवाना न मिळाल्यानं १८९८ही हातचा गेला. लीगसाठी उरले १८९९ ते १९०२ आणि मग १९०६.

शिवाय ८९ गोल त्या काळच्या मापानं मोजायला हवेत. १९०१चा अंतिम सामना पाहा : एसेंडन ६.७ (४३), कॉलिंगवुड २.४ (१६). टिंबाआधी गोल, प्रत्येकी ६ गुण. टिंबानंतर बिहाइंड, म्हणजे गोलच्या खांबांच्या थोडं बाजूनं गेलेला चेंडू, प्रत्येकी १ गुण. एसेंडनच्या त्या ६ गोलांपैकी ३ एकट्या थर्गुडचे. आमच्या मते त्याची योग्यता ४६ या आकड्यापेक्षा या एका गुणफलकात जास्त दिसते.

प्रश्न : लीगपूर्वीची अशी कारकीर्द स्वतः जुळवता येईल का?

उत्तर : येईल. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह मोफत पाहता येतो. सामने बहुधा शनिवारी होत, म्हणून मेलबर्नचा सोमवारचा ‘आर्गस’ किंवा ‘एज’ उघडा. शोधात आडनाव सापडलं नाही तर क्लबच्या नावानं शोधा. यंत्रानं वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं बदलतात.

हमखास चूक होते ती निकालात. १८९७पूर्वी बिहाइंड छापले जात, पण निकाल फक्त गोलांवर ठरे. समजा, एकाचे ५.३ आणि दुसऱ्याचे ४.१२. आजच्या हिशेबानं ३३ विरुद्ध ३६. तेव्हा मात्र जिंकला ५ गोलवाला.

दुसरी अडचण नावांची. बातमीत बहुतेकदा नुसतं आडनाव असतं आणि जर्सीवर क्रमांकही नसत. ते लीगमध्ये १९१२पासून रुळले. त्यामुळे एकाच आडनावाचे दोघे संघात असतील, तर तो गोल दोन वर्तमानपत्रांत पडताळल्याशिवाय कोणाच्याही खात्यावर टाकू नका.