अमेरिकेत उपचार ब्रिटन-कॅनडापेक्षा इतके महाग का? तिथले लोक जास्त वेळा डॉक्टरकडे जातात म्हणून का?

नाही. अमेरिकन माणूस जर्मन किंवा जपानी माणसापेक्षा कमी वेळा डॉक्टरकडे जातो. महाग आहे तो दर. तोच सीटी स्कॅन, तीच गोळी, तेच अपेंडिक्सचं ऑपरेशन, पण पैसे जास्त. २०२३ मध्ये तिथला आरोग्यखर्च माणशी १४,५७० डॉलर झाला, म्हणजे जीडीपीच्या १७.६ टक्के. ब्रिटनमध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तिथे रुग्णाच्या हातात बिल पडत नाही.

अशा प्रश्नाखाली दोन उत्तरं हमखास येतात: "सगळं खासगी आहे म्हणून" आणि "वकिलांमुळे". दोन्ही चूक आहेत. खटले, डॉक्टरांचा त्यासाठीचा विमा आणि भीतीपोटी लिहिलेल्या जादा तपासण्या हे सगळं धरून २००८ सालचा अंदाज एकूण खर्चाच्या २.४ टक्के निघाला होता. आणि खासगीचं म्हणाल, तर जपानमधली बहुतेक रुग्णालयं खासगीच आहेत. पण सरकार दर दोन वर्षांनी एक दरपत्रक काढतं आणि ते टोकियोपासून खेड्यापर्यंत सगळ्यांना लागू असतं. अमेरिकेत असा एक दर नाही. त्यातून काय होतं ते एका बिलावरून सांगतो. अमेरिकन क्लेमचं, म्हणजे विमा कंपनीकडे उपचाराचे पैसे मागण्याचं काम पुणे-नवी मुंबईत रात्रपाळीत चालतं आणि कोडिंग (प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा लावणं), डिनायल (कंपनीचा नकार), अपील हेच माझं क्षेत्र आहे.

उजव्या कुशीत दुखतंय म्हणून रुग्ण रात्री इमर्जन्सीत जातो. रक्त तपासतात, शिरेतून वेदनाशामक देतात, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून द्यायचं द्रव्य) देऊन पोटाचा सीटी काढतात, अपेंडिक्स ठीक निघतं, घरी सोडतात. या काही तासांचे किमान तीन क्लेम होतात. रुग्णालयाचा यूबी-०४ या फॉर्मवर: नर्स, यंत्र, औषध, जागा. इमर्जन्सीचा डॉक्टर बरेचदा वेगळ्या कंपनीचा असतो, त्याचा सीएमएस-१५०० या फॉर्मवर. सीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा तिसरा.

सीटीचा कोड ७४१७७. तो रुग्णालयाच्या क्लेमवरही येतो आणि रेडिओलॉजिस्टच्याही. रेडिओलॉजिस्टने त्याला मॉडिफायर (कोडमागे जोडायचा आकडा) २६, म्हणजे "फक्त स्कॅन वाचण्याचे पैसे", लावला नाही, तर यंत्राचे पैसेही त्यानेच मागितल्यासारखं होतं आणि क्लेम परत येतो. इमर्जन्सीतल्या तपासणीला ९९२८१ ते ९९२८५ अशा पाच पातळ्यांचे कोड आहेत. समजा रुग्णालयाने ९९२८४ लावला आणि शिरेतल्या इंजेक्शनसाठी ९६३७४. आता ९९२८४ ला मॉडिफायर २५ लागतो, म्हणजे "ही तपासणी इंजेक्शनपेक्षा वेगळी होती". तो राहिला की उत्तर येतं सीओ-९७, म्हणजे "ही सेवा दुसऱ्या सेवेत धरली आहे". उपचार झालेले असतात, नोंदी पूर्ण असतात, अडतं ते दोन आकड्यांवर. मग दुरुस्त क्लेम पाठवायचा, तोही त्या करारातल्या मुदतीत. मुदत टळली की सीओ-२९ आणि पैसे गेले.

हे सगळं बिनचूक केलं तरी विमा कंपनी शेवटचं निदान बघते, कोड आर१०.३१, उजव्या बाजूच्या खालच्या पोटातलं दुखणं, आणि पातळी चारवरून तीनवर आणते. कायद्याची कसोटी अशी आहे की सामान्य माणसाला लक्षणं धोक्याची वाटली तर ती इमर्जन्सीच, निदान पुढे काहीही निघो. तरी अपील लिहावंच लागतं. ट्रायाजची (आल्या आल्या रुग्ण किती गंभीर आहे ते ठरवण्याची) नोंद, वेदनेची पातळी, सीटी मागवण्याचं कारण, सगळं जोडून. समोर विमा कंपनीतही ते वाचणारी माणसं बसवलेली असतात. दोन्हीकडचे पगार शेवटी त्याच रुग्णाच्या हप्त्यातून जातात.

आता दर. रुग्णालयाच्या यादीत त्या सीटीसमोर एक छापील रक्कम असते. ती पूर्ण रक्कम विमा कंपनी जवळजवळ कधीच देत नाही. प्रत्येक कंपनीचा करार वेगळा, आणि छापील व करारातल्या रकमेतला फरक सीओ-४५ म्हणून वजा होतो. काही करार छापील रकमेच्या टक्क्यांत असतात, म्हणून यादी फुगवलेली ठेवणं रुग्णालयाच्या फायद्याचं असतं. ती फुगवलेली रक्कम थेट अंगावर येते विमा नसलेल्या माणसाच्या. रँड संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये खासगी विम्याने रुग्णालयांना मेडिकेअरच्या दराच्या सरासरी २५४ टक्के रक्कम दिली. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांची सरकारी योजना. खाट तीच, परिचारिका तीच, पैसे अडीच पट.

कॅनडात ओंटारिओचा डॉक्टर एका प्रांतिक दरपत्रकानुसार एकाच ठिकाणी बिल पाठवतो. रुग्णालय चालतं ते मुख्यतः वार्षिक अंदाजपत्रकावर. २०१७ च्या आकड्यांवर झालेल्या तुलनेत प्रशासनावरचा खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या अमेरिकेत ३४.२ टक्के आणि कॅनडात १७ टक्के निघाला. "बाजारावर सोडलं की भाव उतरतात" म्हणणाऱ्यांनी सांगावं, ज्या बाजारात गिऱ्हाइकाला दर कळतो तो उपचारानंतर महिनाभराने, तिथे भाव उतरणार कसा?

"अमेरिकेत एक दर चालणारच नाही" हेही खरं नाही. मेरीलँड राज्यात १९७० च्या दशकापासून एक आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो आणि एका रुग्णालयात मेडिकेअर असो वा खासगी विमा, त्याच सेवेला जवळपास तोच दर लागतो. रुग्णालयं खासगीच आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा आली, तोपर्यंत तोच स्टेंट लाखाच्या वर लावला जात होता. स्टेंटही तोच, डॉक्टरही तेच. अमेरिकेत औषधांचंही तसंच. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भाव करायलाच मनाई केली. ती २०२२ मध्ये काही औषधांपुरती उठली आणि पहिल्या १० औषधांचे नवे दर जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

तुमचं कुणी तिकडे असेल तर बिल आल्या आल्या भरू नका. आधी विमा कंपनीचा ईओबी, म्हणजे कुणी किती भरायचं ते सांगणारा कागद, येऊ द्या. रुग्णालयाकडून कोडसकट तपशीलवार बिल मागा, त्यातला प्रत्येक कोड ईओबीशी ताडा. ईओबीवर "पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी" (पीआर), म्हणजे रुग्णाने भरायची, म्हणून दाखवलेली रक्कमच तुमची. सीओ, म्हणजे करारानुसार रुग्णालयाने सोडायची रक्कम, नेटवर्कमधलं (विमा कंपनीशी करार असलेलं) रुग्णालय तुमच्याकडे मागू शकत नाही. नकार पटला नाही तर अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात. रुग्णालय ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत तो त्यांना घ्यावाच लागतो. काही ठिकाणी ही मदत स्थानिक रहिवाशांनाच मिळते, म्हणून भेटीला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी त्यावर विसंबू नका. त्यांचा प्रवासी विमा घेताना "फिक्स्ड बेनिफिट" प्रकार टाळा: तो प्रत्येक सेवेला ठरलेली छोटी रक्कम देतो आणि उरलेलं सगळं तुमच्यावर येतं.

काही गोष्टी वर राहिल्या. डॉक्टर-नर्सचे पगार तिथे खरोखर जास्त आहेत आणि लठ्ठपणाचाही खर्चात वाटा आहे. इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट वर्षानुवर्षं पाळलं गेलेलं नाही, गुडघा बदलायला थांबलेल्या माणसाचा त्रास खरा आहे. आणि मेरीलँडचा दर रुग्णालयापुरता आहे. डॉक्टरांची फी त्यात येत नाही, म्हणजे वरच्या तीन क्लेमपैकी दोन तिथेही तसेच लढावे लागतात.