"पॉलिमरमधे काय स्कोप?" : यावलच्या एका वडिलांना उत्तर

पत्र यावल तालुक्यातून आलंय. वडील केळीवाले शेतकरी, मुलगी जळगावला बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, मार्क ७८ टक्के. उन्हाळ्यात पुण्याच्या एका लॅबमधे इंटर्नशिप करून आली आणि आता म्हणतेय की एमएस्सी करून त्याच विषयात पीएचडी करणार. विषय असा की काही पॉलिमर आपोआप एका रचनेत बसतात, त्यांचा साचा वापरून नॅनो मटेरियल बनवायचं. वडील लिहितात, "पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिकच ना, त्याच्यावर तर सरकार बंदी आणतंय, शेवटी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत जायचं तर बीएड काय वाईट, आणि एक चांगलं स्थळही आलंय, तुम्ही तिला समजवा."

भाऊ, एवढ्या लांब पत्रात मुलगी काय म्हणते त्याची एक ओळ आहे आणि "आम्ही तिला पुण्याला जाऊ दिलं" हे दोनदा आहे. जाऊ दिलं म्हणजे उपकार केले का? ७८ टक्के बरे मार्क आहेत, त्यांचं मला काही टेन्शन नाही, टेन्शन याचं आहे की हा प्रश्न करिअरचा नाहीच. स्थळ तुमच्या मनात पक्कं झालंय आणि आता पोरीला वाईट वाटू नये म्हणून "सरच असं म्हणाले" हे माझ्या तोंडून पाहिजे. ते मी म्हणणार नाही. लग्न कधी करायचं हे तिच्याशी समोर बसून बोला, त्याला पॉलिमरचं कारण लावू नका. आणि बीएडला तुम्ही सेफ म्हणता तर ऐका, दोन वर्षं बीएड, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वाट बघत बसा, आणि प्रायव्हेट संस्थेत चिकटायला काय काय लागतं ते आपल्या भागात मी वेगळं सांगायला नको. तिला शिकवायची आवड असती तर मी स्वतः बीएड कर म्हटलं असतं, पण तशी आवड आहे असं तुम्हीसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.

आता चटईचं. जळगावात पॉलिमर म्हटलं की चटई आणि पाइप डोळ्यासमोर येणार, त्यात तुमची चूक नाही, पण तिच्या कामात पॉलिमर हा माल नाहीच, तो साचा आहे आणि काम झालं की तो जाळून किंवा धुवून टाकतात. होतं काय की एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडलेल्या असतात, त्याला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. न पटणारे दोन भाऊ पण सातबारा एकच, तसं, लांब जाता येत नाही म्हणून दोघं जागेवरच आपापले कोपरे करून घेतात. ते कोपरे साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि साखळीत कोणाचा वाटा किती त्यावर गोळे होणार, नळ्या होणार की थर हे ठरतं. मग त्याच्याभोवती सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, जमवायची, ५०० डिग्रीच्या आसपास भाजायचं, पॉलिमर जळून जातं आणि मागे सारख्या मापाच्या भोकांची सिलिका राहते. १९९८ साली अमेरिकेत सांता बार्बराच्या विद्यापीठात अशीच एसबीए-१५ नावाची सिलिका बनवली, आज कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर, काम करणाऱ्या कुठल्याही लॅबमधे ते नाव ओळखीचं आहे. त्याला जे पॉलिमर वापरलं त्याच घराण्यातलं पोलोक्झामर शिरपूर-धुळ्याची फार्मसीची पोरं जेल बनवायला वापरतात, शेजारच्या कोणा बीफार्मवाल्याला विचारून बघा. सिंगल यूज प्लॅस्टिकच्या बंदीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

रस्ता नेहमीचाच, एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, मग पीएचडीसाठी नेट किंवा गेट. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, म्हणजे पीएचडीला बापाने शेत विकायची गरज नाही.

आता पोरी तुझ्याशी, कारण हे उत्तर तू पण वाचशील. नॅनो शब्दाला भुलू नकोस. हे साचे फोटोत फार भारी दिसतात, चिपवाल्या कंपन्यांनी याच पद्धतीने बारीक रेघा पाडायचा कितीतरी वर्षं प्रयत्न केला आणि डिफेक्ट कमी करता करता घाम फुटला. पीएचडीची पाच वर्षं जातात, कधी जास्त, आणि नंतर खानदेशात या विषयाची नोकरी शोधू नकोस, पुणे, मुंबई, बडोदा, हैदराबाद, नाहीतर बाहेर देश, तयारी असेल तरच उतर. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमधे लॅबची चांगली बाजू दिसते, फसलेले प्रयोग कोणी दाखवत नाही, म्हणून तिथल्या पीएचडीच्या पोरांना फोन कर आणि विचार की शेवटचं सॅम्पल बिघडलं तेव्हा किती आठवडे गेले, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि सॅक्स (एक्स-रेने रचना मोजायचं यंत्र) ही मशीन लॅबमधेच आहेत की नंबर लावावा लागतो, गाइड पेपर वेळेवर तपासतात का. एमएस्सीत पॉलिमरसोबत फिजिकल केमिस्ट्री पक्की कर आणि मशीन स्वतः चालवायला शीक, कारण विषय बदलला तरी ते हातात राहतं, पेंटवाले, फार्मावाले, बॅटरीवाले सगळे तेच विचारतात. जॅमला बाहेर नंबर नाही लागला तर जळगावच्या विद्यापीठात केमिकल सायन्सेसचा विभाग आहेच, तिथे एमएस्सी कर आणि प्रोजेक्टला पुणे गाठ, त्यात कमीपणा काही नाही.

आणि भाऊ, जॅमचे फॉर्म सहसा सप्टेंबरमधे सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. स्थळवाल्यांना काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, पण फॉर्म तेवढा आधी भरू द्या.