बाल्कनीतल्या पॅडवरून बागेत: आठ महिन्यांच्या लॅबला नवी सवय लावताना

"पाऊण तास खाली फिरतो, झाडन्‌झाड हुंगतो, करत काहीच नाही. वर आलो की आम्ही बूट काढेपर्यंत बाल्कनीतल्या शू-पॅडवर मोकळा." असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याला खाली बागेत शू करायची सवय कशी लावायची ते विचारलंय. ठाण्यात वाघबीळजवळचा टॉवर, चौदावा मजला, आठ महिन्यांचा लॅब (म्हणजे लॅब्राडोर) आणि वरून सोसायटीची ‘बागेत कुत्रे आणू नयेत’ अशी चिठ्ठी. हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लसी पूर्ण आहेत, खाणं ठरल्या वेळी आहे आणि घरात केल्यावर कोणी त्याचं नाक लादीला घासत नाही, एवढं धरून चालतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. तो हट्टी नाही आणि तुमचा सूडही घेत नाही. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की पायाखाली काय असताना मोकळं व्हायचं हे त्याच्या मनात पक्कं व्हायला लागतं. तुमच्याकडे त्या वयात पायाखाली पॅड होतं, म्हणजे मऊ, कोरडं, कापडासारखं काहीतरी. ओलं गवत त्याच्या लेखी शू करायची जागाच नाही. पायपुसणं आणि खाली पडलेला टॉवेल मात्र आहे, आणि हाही उद्योग तो करत असणार, तुम्ही लिहिलेला नाही इतकंच.

पॅडची सवय मोडते. तुमचं खरं घोडं अडलंय ते फेरीच्या क्रमात. बहुतेक घरांत असंच चालतं: कुत्र्याला खाली न्यायचं, फिरवत राहायचं, कधीतरी शू झाली की "झालं एकदाचं" म्हणून लगेच लिफ्टकडे वळायचं. कुत्रा त्यातून काय शिकतो? शू केली की मजा संपते. मग तो शू धरून ठेवतो आणि फेरी लांबवतो. लॅबला तर हे गणित फार लवकर जमतं. आणि शू झालीच नाही तर? पाऊण तासाने माणूस कंटाळून वर आणतो, पट्टा सोडतो, बाल्कनीचं दार उघडंच असतं. म्हणजे धरून ठेवल्याचं बक्षीस मिळालं ते मिळालंच, वर हक्काची जागाही मिळाली. ही एक चूक बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. महागडे ट्रेनर, स्प्रे, ‘इथे शू करा’वाले खांब, सगळं त्यापुढे वाया जातं. ट्रेनर आठवड्यातून दोनदा येणार. फेरी तुम्ही रोज चार वेळा उलट्या क्रमाने काढणार.

क्रम असा ठेवा. खाली उतरल्यावर थेट ठरलेल्या कोपऱ्यात जायचं. साधा, साधारण दोन मीटरचा पट्टा. लांबणारा, बटणवाला नको. तिथे झाडासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, मोबाईलवर मोठ्याने गप्पा नाहीत, "कर ना रे बाळा" अजिबात नाही. त्याला पट्ट्याच्या टप्प्यात गोल फिरू द्या, हुंगू द्या. पाच ते सात मिनिटं, जास्त नाही. केलं, तर करत असताना हळू आवाजात एकच शब्द म्हणायचा, ‘शू-शू’ म्हणा नाहीतर काहीही, पण घरात सगळ्यांचा तोच. पूर्ण झाल्यावर दोन सेकंदांच्या आत हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, आणि त्यानंतर फेरी. मोठी, मनसोक्त, हुंगत-हुंगत. शू हे फेरीचं तिकीट आहे, हे त्याला कळायला हवं.

नाही केलं, तर फेरी नाही. सरळ वर. पण वर आल्यावर पट्टा सुटणार नाही. बाल्कनीचं दार बंद, पट्ट्याचं टोक तुमच्या कमरेला, किंवा सवय असेल तर क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा खाली, पुन्हा तोच कोपरा, पुन्हा पाच-सात मिनिटं. लिफ्टचा कंटाळा येतो, शेजारी विचारतात, सगळं मान्य. पण हे मधलं पाव तास पट्ट्यावर ठेवणंच लोक गाळतात, आणि गाडी नेमकी तिथेच रुळावरून घसरते. म्हणून सुरुवात लांब वीकेंडला करा, ऑफिसच्या दिवशी नको.

दोन बारीक गोष्टी. शू चालू असताना खाऊचं पाकीट वाजवलं किंवा "शाब्बास!" ओरडलात, तर तो अर्ध्यात थांबतो आणि उरलेलं लिफ्टमध्ये होतं. आणि खाऊ घरी आल्यावर दिला तर तो घरी आल्याचा होतो, शू केल्याचा नाही. पाकीट खाली, खिशात हवं.

आता पॅड. ते एका दिवसात उचलून फेकू नका. असा कुत्रा दहा-बारा तास सहज धरून ठेवतो आणि मग सोफ्यावर सोडतो; मनात भीती बसते ती वेगळीच. नर्सरीत लॉनच्या तयार लाद्या मिळतात, त्यातून साधारण दोन बाय तीन फुटांचा तुकडा आणा आणि खाली पाणी साठणार नाही अशा ट्रेमध्ये बसवा. पहिले दोन-तीन दिवस गवतावर पॅड अंथरा. मग दर दोन दिवसांनी पॅड कात्रीने चौथाई कापत जा. शेवटी वहीच्या पानाएवढा तुकडा उरतो आणि पाय पूर्ण गवतावर येतात. प्लास्टिकचं हिरवं गवत आणू नका. ते पायाला वेगळं लागतं, वास धरून ठेवतं, आणि खालच्या खऱ्या बागेशी त्याचा काही संबंध नाही. खऱ्या लॉनची लादी दोनेक आठवड्यांत पिवळी पडून मरते. पडू दे, तिचं तेवढंच काम आहे.

हे चालू असतानाच खालचं सुरू करा. सकाळची पहिली वेळ सोन्याची, कारण रात्रभरात मूत्राशय भरलेलं असतं. रात्री बाल्कनीचं दार बंद ठेवा, उठल्याबरोबर थेट खाली, तोंड धुवायलाही थांबू नका. वरच्या ट्रेमधला ओला, वास असलेला गवताचा वीतभर तुकडा खालच्या कोपऱ्यात ठेवा. शीसाठी खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासाची वेळ पकडा; पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्याचा फायदा घ्या. याशिवाय झोपून उठल्यावर आणि दंगा केल्यावर. दिवसा पाणी तोडून शू आटोक्यात आणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ठाण्याच्या उकाड्यात तर मुळीच नको.

तरीही बारा तास झाले आणि काहीच नाही, तर ताणू नका, वरच्या गवतावर जाऊ द्या. ही कुस्ती नाही. सलग दोन आठवडे सगळं खालीच झालं की ट्रे उचला. पावसाळ्यासाठी तो परत आणावा का, यावर माणसं भांडतात. माझं मत: पहिला महिनाभर अजिबात नको, नंतर मुसळधार दिवसापुरता चालेल.

कोपऱ्याबद्दल. ठाण्यातल्या नव्या टॉवरांमध्ये बाग म्हणजे पोडियमवरची बाग, पार्किंगच्या स्लॅबवर मातीचा थर टाकलेली. तिथे मातीची खोली कमी, वास राहतो, आणि लहान मुलांची घसरगुंडीही तिथेच. त्यामुळे पोडियम मागूच नका. तिथे कुत्रे नकोत हे मुलांच्या आयांचं म्हणणं बरोबर आहे. कंपाउंड वॉलच्या कडेची खऱ्या जमिनीवरची पट्टी मागा. चार बाय सहा फूट पुरते. कडेने विटा, खाली खडी, वर वीतभर माती आणि वाळू. नर असल्यामुळे पुढे पाय वर करायला लागेल, तेव्हा एक दगड किंवा ओंडका उभा करून ठेवा, म्हणजे गाड्यांची चाकं वाचतील.

आणि इथेच सोसायटीची ऑफिसं घात करतात. परवानगी देतात, नाही असं नाही, पण जागा महिन्या-महिन्याला बदलतात. आधी जनरेटरमागे, मग खताच्या खड्ड्याजवळ, मग "गेटबाहेर न्या". माणसाच्या दृष्टीने वीस पावलांचा फरक. शिकणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने नवा वास, नवी जमीन, जनरेटरची घरघर, आणि सगळं पहिल्यापासून. एका ऑफिसात तर जागा कोणी ठरवायची यावरच तीन सभा होतात आणि तोवर पिल्लू मोठं होतं. असो. म्हणून तोंडी परवानगीवर राहू नका. एका पानाचं पत्र द्या: कोणता कोपरा, कोणत्या वेळा (समजा सकाळी सहा ते सात आणि रात्री दहानंतर), साफ कोण करणार, आणि ही जागा किमान तीन महिने बदलू नये ही विनंती. पोचपावती घ्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बागेत सरसकट बंदी घालणं योग्य नाही, वेळा मात्र ठरवून देता येतात. मी वकील नाही. आणि ते परिपत्रक पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका, पत्राला उत्तर आलं नाही तर काढा. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला मात्र पत्राला जोडाच. निम्मा विरोध तिथे गळतो.

उरलेला निम्मा विरोध पिवळ्या गवताचा असतो. लघवीतल्या नत्रामुळे गवत जळतं, खत जास्त झाल्यावर जळतं तसंच. बाटली बरोबर ठेवा आणि शू झाल्या-झाल्या त्याच जागी दीड-दोन लिटर पाणी ओता. कुत्र्याच्या जेवणात टोमॅटोचा रस नाहीतर व्हिनेगर घालायचे घरगुती उपाय फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. शी वर्तमानपत्रात उचला. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खतात टाकू नका आणि पावसाळी गटारात तर नकोच, ते पाणी खाडीत जातं.

बाल्कनी धुण्याबद्दल: फिनाईलने तुमच्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाही. लादीच्या सांध्यांत मुरलेला वास त्याला येत राहतो आणि तो परत तिथेच जातो. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर घ्या, सांध्यांत मुरू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. अमोनियावालं काही नको, लघवीसारखाच वास. ब्लीच लघवीवर ओतू नका, घातक वाफ निघते. पांढरं व्हिनेगर चालतं, पण मार्बल आणि कोटा लादीवर नाही, डाग पडतात.

बागेत नेणार असाल तर माळ्याशी बोला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी मनावर घेत नाही. झाडांना एरंडीची पेंड घालतात का ते विचारा. तिचा वास कुत्र्यांना आवडतो, ते चाटून-उकरून खातात, आणि ती जीवघेणी विषारी असते. निंबोळी पेंड घाला म्हणावं. फवारणी कोणत्या दिवशी असते तेही विचारून ठेवा. सायकस आणि कण्हेर जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या बागेत असतात, दोन्ही विषारी. कोपरा त्यांच्यापासून लांब निवडा. पावसाळ्यात गोगलगायींसाठी गोळ्या टाकतात, त्याही विषच. येऊरच्या डोंगराच्या बाजूला गोचिड भरपूर, त्यामुळे गवतातून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या मध्ये आणि शेपटीखाली हात फिरवा आणि गोचिडाचं औषध चुकवू नका. डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहत असाल तर रात्रीची फेरी कंपाउंडच्या आतच. बिबट्या ही तिकडे अफवा नाही.

हे सगळं निरोगी कुत्र्याला धरून आहे आणि मी डॉक्टर नाही. दिवसभर शूच नाही, किंवा पाय उचलून थेंब-थेंब, जोर लावणं, लालसर रंग, तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. नरांमध्ये खडा अडकू शकतो. आधी नीट जाणारा कुत्रा अचानक घरात करायला लागला तरी आधी लघवीची तपासणी, मग रागवारागवी. फक्त पाहुणे आल्यावर किंवा कोणी वाकून हात लावल्यावर थोडीशी होत असेल तर तो घाबरटपणा आहे, त्याचा या सवयीशी संबंध नाही. वाकायचं नाही, खाली बसायचं, बाजूने हात लावायचा.

दिवाळीत आठवडाभर सगळं विस्कटेल, फटाक्यांच्या आवाजात खाली काही होणार नाही. त्या दिवसांत फेऱ्या पहाटे लवकर आणि संध्याकाळ पडायच्या आधी उरका. आणि पावसात ओल्या उंच गवतात पाय टाकत नसेल तर कोपऱ्यातलं गवत दोन इंचांवर कापून घ्या, वर पत्र्याचा तुकडा किंवा ताडपत्री लावायची परवानगी त्याच पत्रात मागा. लॅब पाण्याला भीत नाही; पोटाला गवताची टोकं टोचतात म्हणून तो बसत नाही.