कोल्हापुरातल्या राजवास्तू एका सकाळी पायी बघायच्या आहेत. गाईड घ्यावा का, आणि सुरुवात नव्या राजवाड्यापासून करावी का?

गाईड घ्या. पण पैसे ठरवण्याआधी त्याला एकच विचारा: नवा राजवाडा कुणी बांधला? "राजर्षी शाहू महाराजांनी" असं उत्तर आलं तर नमस्कार करा आणि दुसरा शोधा.

हा आमच्या वर्तुळातला जुना वाद आहे, म्हणून आधी तोच घेतो. राजवाड्याचं बांधकाम 1877 ते 1884 या काळातलं. शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा आणि ते दत्तक गेले 17 मार्च 1884 ला. म्हणजे दहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. राज्याची सूत्रं हाती आली ती 2 एप्रिल 1894 ला. पाया खणला तेव्हा ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव होते, वय तीन. त्या वेळी गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. तेही अल्पवयीनच. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालायचा. या महाराजांचा शेवट अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या नजरकैदेत, 1883 च्या डिसेंबरात झाला. ही गोष्ट अवघड आहे, म्हणून बहुतेक गाईड ती गाळतात आणि मधली जागा शाहू महाराजांच्या नावानं भरतात. "लोकांना तेच ऐकायचं असतं" असं वर आम्हालाच ऐकवतात. अरे, लोकांना खरं सांगून तर बघा! शाहू महाराजांनी स्वतः उभं केलेलं या शहरात इतकं आहे, की दुसऱ्याचं त्यांच्या नावावर चढवायची गरजच नाही.

म्हणून सुरुवात नव्या राजवाड्यापासून नको. दुसरं कारण साधं आहे: तो जुन्या गावात नाहीच. दसरा चौकापासून दीड-दोन किलोमीटर, कसबा बावड्याच्या बाजूला. तिथून सुरुवात केली की माणसं संग्रहालयातल्या रांगेत तास-दीड तास उभी राहतात, बाहेर येतात तेव्हा ऊन चढलेलं असतं आणि मग जुन्या गावात चालायला कुणी तयार नसतं. फेरी तिथंच मोडते.

सकाळी साडेसातला भवानी मंडपात, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या आवारात जमा. गाडी बिंदू चौकातल्या वाहनतळावर सोडा, आत आणू नका. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा, कारण अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी मंडपापर्यंत येते. पंधराच्या वर माणसं असतील तर दोन गट करा, मागच्यांना काही ऐकू जात नाही. नगारखान्याच्या कमानीखाली थांबून बोलू नका. वाट अडते आणि आवाज घुमतो. आतल्या चौकात जाऊन, कमानीकडे तोंड करून उभं राहा. आधी गादीचा हिशेब सांगा: 1731 चा वारणेचा तह, सातारा आणि कोल्हापूर वेगळे, त्यामागे महाराणी ताराबाई, राजधानी आधी पन्हाळा आणि नंतर इथं. पाच मिनिटांत आटपा, सनावळ्या वाढल्या की माणसं मोबाईल काढतात. मग तुळजाभवानीचं देऊळ. नवरात्रात अष्टमीला अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते तेव्हा इथं भवानीची भेट होते, ते इथंच सांगायचं. शेजारच्या मेन राजाराम हायस्कूलची इमारत आणि मोतीबाग तालीम बाहेरून बघा. तालमीत जायचं असेल तर वस्तादांना आधी विचारायचं, आणि चपला बाहेर.

तिथून दहा मिनिटांत खासबाग, कुस्तीचं मैदान. 1902 साली शाहू महाराज विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कोलोसियम बघितलं आणि 1912 ला हे मैदान तयार झालं. पाहुण्यांना वरच्या कडेला उभं करून बोलू नका, खाली हौद्याजवळ, म्हणजे कुस्तीच्या मातीजवळ न्या आणि तिथून वर बघायला लावा. मधे आडवं काही नाही, चारी बाजूंना उतार, म्हणून सगळ्यात मागच्यालाही पकड दिसते. ही करामत खालूनच कळते. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. माती मऊ राहावी आणि खरचटलं तर चिघळू नये म्हणून. हौद्यात पाय ठेवू नका, फोटोसाठीही नाही. मैदानाला लागूनच महाराजांनी 1915 ला सुरू केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथं आत जाता येईल असं धरून चालू नका, बाहेरून दाखवा.

परत फिरताना बिंदू चौक. जुन्या कोटाची भिंत आणि बुरूज इथं अजून दिसतात. गंगावेस, रंकाळा वेस ही नावं आता रिक्षावाल्यांच्या तोंडी उरलीत, त्या वेशी या कोटाच्याच. फुले-आंबेडकरांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 चे, बाबासाहेब हयात असतानाचे. राजघराण्याच्या फेरीत ते कशाला, असं कुणी विचारलं तर दसरा चौकापर्यंत थांबायला सांगा. पुढं शिवाजी चौक. तिथं आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, 1945 ला छत्रपतींचा अर्धपुतळा आला. मग भाऊसिंगजी रोडनं टाऊन हॉल. पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानांत गट फुटतो. खरेदी परतीच्या वाटेवर, असं आधीच बजावून ठेवा.

टाऊन हॉलला दहा-साडेदहाला पोचलात की संग्रहालय उघडलेलं सापडतं. शहरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आत आहे, ती चुकवू नका. पण इमारत बाहेरून जास्त बोलते. मेजर चार्ल्स मँट या इंजिनिअरची ही 1872 ते 1876 मधली गॉथिक वास्तू. टोकदार कमानी, चढी छपरं, विलायती घडण. समोरचं सीपीआर रुग्णालयही त्याचंच, आणि नवा राजवाडाही. टाऊन हॉलच्या आधीच दुसऱ्या राजाराम महाराजांचा इटलीत फ्लॉरेन्सला 1870 ला मृत्यू झाला होता. तिथल्या त्यांच्या स्मारकाची छत्री मँटनंच आखली. आता राजवाडा बघा: घुमट, जाळ्या, कोरीव कमानी, सगळी हिंदी घडण, मधोमध मात्र घड्याळाचा मनोरा. आधी टाऊन हॉल आणि नंतर राजवाडा, याच क्रमानं दाखवलं तर एकाच माणसाचा हात कसा बदलला ते पाहुण्यांना न सांगता दिसतं. उलट क्रमात टाऊन हॉल नुसता "जुना इंग्रजी बंगला" वाटतो.

आणि मग दसरा चौक. इथं गाईड शमीपूजन, सोनं लुटणं, शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांची मेबॅक मोटार एवढं सांगून निघतात. चौकाभोवतीची विद्यार्थ्यांची वसतिगृहं बघायला लावा: मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग. मराठा आणि जैन बोर्डिंग 1901 ला, मुस्लिम बोर्डिंग 1906 ला, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह 1908 ला निघालं. मधे 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासांना. राजाची कमाई बघायची ती या वसतिगृहांत. याच भाऊसिंगजी रोडवर तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांचं सत्यसुधारक हॉटेल होतं, महाराज मुद्दाम गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे. एवढं ऐकल्यावर बिंदू चौकातले पुतळे फेरीत कशाला, हा प्रश्न उरत नाही. शाहू महाराजांचं जे काही सांगायचं ते इथं पोटभर सांगा, मग नव्या राजवाड्यात त्यांच्या खात्यावर काही टाकावंसं वाटणार नाही.

इथवर तीन-साडेतीन किलोमीटर, साडेतीन तास. पुढं रिक्षा करा, चालू नका. राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. ते बघायला वेळ ठेवा, शिकारीतल्या जनावरांच्या दालनातच अर्धा तास घालवू नका.

सोबत वयस्कर माणसं असतील तर माझं वरचं सगळं सोडा. त्यांना उघडण्याच्या वेळेला थेट राजवाड्यात न्या आणि बाकीचं रिक्षातून दाखवा. जोराचा पाऊस असेल तर खासबाग गाळा, मातीच्या उतारावर पाय घसरतात. सोमवारी राजवाडा आणि टाऊन हॉल, दोन्हीकडची संग्रहालयं बंद असतात, त्या दिवशी फेरी ठेवूच नका. सोमवारी "चला, नेतो" म्हणणारा गाईड भेटला तर राजवाडा कुणी बांधला हेही विचारायची गरज नाही.