सहा आठवडे खोकतोय? आधी झोपेतले श्वास मोजा

तुमचा ११ वर्षांचा पॉम कुत्रा सहा आठवडे खोकतोय, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, चार दिवस बरं वाटतं आणि परत पहाटे ढास लागते. शेजारचे म्हणतात घशात हाड अडकलंय. आणि घरातलं मुलांचं कफ सिरप अर्धा चमचा दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

सिरपचं आधी सांगते, कारण आज रात्रीच कुणीतरी ते पाजेल. देऊ नका. आपल्याकडच्या सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांमध्ये खोकल्याच्या औषधासोबत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, नाक मोकळं करणारं औषध असतं, आणि ‘शुगर फ्री’ असेल तर झायलिटॉल असू शकतं. झायलिटॉलने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते. नाक मोकळं करणारी औषधं हृदयाचे ठोके वाढवतात, आणि तुमच्या पॉमच्या हृदयाबद्दलच मला शंका आहे.

हाडाचंही एकदा मिटवून टाकू. घशात हाड अडकलेलं कुत्रं लाळ गाळतं, पंजाने तोंड ओरबाडतं, गिळायला मागत नाही. सहा आठवडे रोज दोन वेळा जेवून पहाटे खोकत नाही. लोकांना हाड वाटतं ते उबळीच्या शेवटामुळे. खा-खा-खा-खा आणि मग मान पुढे काढून एक जोरदार ‘घॅऽक’, कधी थोडा पांढरा फेस. ती उलटी नसते, खोकल्याचाच शेवट असतो. आमच्याकडेही सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस ‘त्याला पित्त झालंय’ म्हणून दहीभात चालवला होता.

आमचा बाब्या तुमच्याकडच्यासारखाच ‘पॉम’. म्हणजे खरं तर इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचा असतो, बाब्या नऊ किलोचा. बाराव्या वर्षी खोकायला लागला. पहिल्या डॉक्टरांनी केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गाचा खोकला) सांगितला, इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, परत गोळ्या दिल्या. दोन महिने गेले. त्यांना सगळा दोष देणार नाही. मी ‘खोकतो हो’ एवढंच सांगायचे, आणि टेबलावर बाब्या इतका धापा टाकायचा की त्यात छातीतलं काय ऐकू येणार! व्हिडिओ काढून न्यावा हे सुचलंच नाही.

शेवटी साताऱ्याहून शिरवळला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे त्याला आधी वीस मिनिटं शांत बसू दिलं, तोंड हलकेच मिटून धरलं आणि डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवला. मग तो माझ्या कानाला लावला. लब-डब असं काही नव्हतंच. फुश्श, फुश्श, फुश्श. नळीला चीर पडल्यावर पाणी जातं ना, तसं. हाच मर्मर.

लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे फार दिसतं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप जाड होते आणि नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात येतं आणि तो कप्पा फुगत जातो. त्याच्या अगदी डोक्यावरून श्वासनळीची डावी फांदी जाते. फुगलेला कप्पा तिला खालून दाबतो आणि खोकला येतो. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. हा खोकला म्हणजे फुफ्फुसात पाणी झालं असं नाही. पाणी ही पुढची पायरी. ते होतं तेव्हा खोकला वाढेलच असंही नाही, पण श्वास नक्की वाढतो. म्हणून खोकला किती वेळा आला यापेक्षा झोपेत श्वास किती होतात हा आकडा जास्त खरं बोलतो.

तो असा मोजायचा. कुत्रं गाढ झोपलेलं हवं. पंजे थरथरत असतील तर स्वप्न चालू आहे, तेव्हा नाही. फिरून आल्यावर किंवा भर उकाड्यातही नाही. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. ३० च्या वर दिसला तर अर्ध्या तासाने परत मोजा, आणि तरी वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मी कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीतच लिहायचे: ‘१ लि., बाब्या २२’. एकदा तीन दिवसांत २२, २६, ३४ असं झालं. खोकला होता तेवढाच होता, जेवणही व्यवस्थित. एक्स-रेत फुफ्फुसात पाणी धरायला लागलेलं दिसलं. खोकल्यावर विसंबलो असतो तर कळलंच नसतं.

तुमच्या बाबतीत दुसरी मोठी शक्यता श्वासनळीची. श्वासनळीच्या कूर्चेच्या कड्या इंग्रजी ‘सी’ आकाराच्या असतात आणि मागची बाजू नुसत्या पडद्याची. पॉम, पग, यॉर्की यांच्यात त्या कड्या ढिल्या पडतात आणि नळी चपटी होते. तो खोकला बदक ओरडल्यासारखा, भोंगा वाजवल्यासारखा. दारावरची बेल वाजली, तुम्ही ऑफिसातून आलात, गळ्यातला पट्टा ताणला गेला, पाणी घाईने प्यायलं की सुरू. हृदयाचा खोकला बहुधा रात्री, पहाटे, पडल्या पडल्या येतो, असं ढोबळमानाने म्हणतात. पण मी त्यावर पैज लावणार नाही, कारण म्हाताऱ्या पॉममध्ये दोन्ही एकत्र सापडतात. एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी खात्रीची आहे: लहान जातीच्या कुत्र्याला नीट ऐकूनही मर्मर नसेल, तर झडपेमुळे खोकला असण्याची शक्यता जवळपास नाहीच. पाच मिनिटांच्या तपासणीत अर्धा प्रश्न सुटतो.

केनेल कफ सहा आठवडे सहसा चालत नाही. बोर्डिंगमध्ये किंवा ग्रूमिंगला जाऊन आल्यावर तीन ते दहा दिवसांत सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. (नेहमीच्या एकत्रित लशीत त्यातला बोर्डेटेला हा जंतू नसतो, त्याची लस वेगळी मागावी लागते.) दोन महिन्यांच्या वर रोज खोकला आणि बाकी कारण नाही, तर जुनाट ब्राँकायटिस. त्याला लहान मुलांच्या स्पेसरला (इन्हेलर लावायची नळी) मास्क जोडून इन्हेलर देतात आणि कुत्री ते आठवड्याभरात शिकतातही. पिल्लू असतं तर मी जंत आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) आधी विचारलं असतं. ईशान्य भारतात राहून आलेलं कुत्रं असेल तर डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांची रक्ततपासणी करून घ्या.

तर डॉक्टरांकडे जाऊन तिसरा अँटिबायोटिक मागू नका. छातीचा एक्स-रे मागा, आडवा आणि उभा असे दोन. त्यावर मणक्यांच्या मापाने हृदयाचा आकार मोजतात. बहुतेक जातींत साडेदहा मणक्यांपर्यंत ठीक धरतात. मर्मर असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि औषध सुरू करण्याआधी किडनीची रक्ततपासणी. हृदय मोठं झालंय पण फुफ्फुसात पाणी नाही, या टप्प्यावरही पायमोबेन्डान ही हृदयाची गोळी सुरू करण्यात अर्थ आहे. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या गोळीने हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं होतं. गोळी जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. पाणी कमी करणारी गोळी, म्हणजे आपल्या आजोबांची असते तीच लॅसिक्स, ही पाणी झालंय हे दिसल्यावर. ‘खोकतोय ना, मग चालू करू’ म्हणून नाही, आणि आजोबांच्या पाकिटातली काढून तर अजिबात नाही. ती सुरू झाली की कुत्रं बादलीभर पाणी पितं आणि घरात लघवी करतं. वाटी उचलून ठेवू नका, पिऊ द्या. ओरडूही नका.

घरात आजच करण्यासारखं: गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल बंद, निदान तो असतो त्या खोलीत. ठेच्याची मिरची भाजताना त्याला गॅलरीत ठेवा. पापड, फरसाण, वेफर्सचे तुकडे बंद, मीठ हृदयाला बाधतं. जाड असेल तर वजन उतरवा. श्वासनळीच्या खोकल्यात एक किलोनेही फरक दिसतो. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं वाफेत बसवलं तर कोरडी ढास जरा सैल होते, पण श्वास जोरात चालला असेल तेव्हा हा प्रयोग नको. बाम, व्हिक्स काही चोळू नका, तो चाटून घेणार.

आणि हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका: हिरड्या निळसर किंवा राखाडी, चक्कर येऊन पडणं, मान ताणून आणि कोपरं बाहेर काढून बसणं, आडवं व्हायलाच नकार, झोपेतला श्वास ४० च्या वर. न्यायच्या वेळी मांडीवर उताणं धरू नका. त्याला जसं बसायचंय तसं बसू द्या, आणि गाडीत एसी लावा.

बाब्या त्या शिरवळच्या फेरीनंतर २० महिने जगला. त्यातला बराचसा काळ सोफ्यावर, हक्काने.

आज रात्री मोजलेला आकडा इथे टाका. व्हिडिओ काढताना पंखा बंद करा. मी बाब्याचे सहा व्हिडिओ नेले होते, पाचांत नुसती पंख्याची घरघर.